अख्खी पुडी

माझ्या पहिल्या पत्रकात 'निर्जलीकरण' हा शब्द नऊ वेळा आला होता. मी मोजला नव्हता. गटातल्या फार्मसीच्या मुलानं मोजला आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, 'हा कोण?'

रात्र जागून लिहिलेलं पत्रक होतं ते. ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. लहान मुलांचे जुलाब, त्यांची कारणं, जंतूंची लॅटिन नावं (तिरक्या अक्षरांत, कारण ती तशीच लिहायची असतात), ओआरएस (पुडीतल्या भुकटीचं मीठ-साखरेचं पाणी) कसं द्यायचं, हात कधी धुवायचे, धोक्याची लक्षणं, आणि सगळ्यात खाली संदर्भसूची. मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात होते आणि आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपचा तो तिसरा दिवस होता. पत्रक तयार आहे, आता वाटायचं तेवढं बाकी, अशी माझी समजूत होती. पुढे त्याच्या अकरा आवृत्त्या झाल्या.

आम्ही सात जण होतो आणि सात शाखांचे. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, समाजकार्य, संख्याशास्त्र, डिझाइन आणि मी. वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एका प्रश्नावर एकत्र काम करायला लावण्याच्या या प्रकाराला मराठीत 'आंतरव्यावसायिक शिक्षण' असं धापा टाकत उच्चारायचं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातली व्याख्या आम्हाला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिली होती: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, तेव्हा ते असं शिक्षण. वहीत उतरवताना 'सोबत' मला सोपं वाटलं होतं. एका टेबलाभोवती बसलं की झालं.

टेबलाभोवती बसल्यावर पहिलं भांडण झालं ते ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं त्यांना म्हणायचं काय यावरून. वैद्यकीयचा मुलगा 'पेशंट' म्हणत होता. पण पत्रक वाचणार होत्या आया आणि आज्या. त्या तर धडधाकट. फार्मसीवाला 'ग्राहक' म्हणाला, नर्सिंगची मैत्रीण 'नातेवाईक', संख्याशास्त्राचा मित्र 'नमुना'. मी ऐटीत 'लक्ष्यगट' म्हणाले. समाजकार्याच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नेम धरणार आहेस का त्यांच्यावर?"

पहिला आठवडा आम्ही जे केलं त्यालाच सहकार्य समजत होतो. कामाचे सात तुकडे केले, तुझं तू माझं मी, आणि शुक्रवारी सगळं एका फाइलमध्ये चिकटवलं. एका पानावर वाचणारा 'आपण' होता, दुसऱ्यावर 'तुम्ही', तिसऱ्यावर 'मातांनी'. तोच आजार कुठे अतिसार, कुठे हगवण, तर कुठे लूज मोशन. मार्गदर्शक मॅडमनी सगळं शांतपणे वाचलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही एकमेकांची पानं वाचलीत?"

कुणीच वाचली नव्हती. फाइल ज्यानं जोडली त्यानंही.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष वस्तीत पहिली बैठक झाली. ती तिथल्या आरोग्य कार्यकर्ती ताईंनी जमवली होती. आमच्या नावावर कुणी आलं नसतं. मी वीस मिनिटं बोलले. तक्ते होते, आवाज स्वच्छ होता, आणि समोरच्या बायका माना डोलावत होत्या. मान डोलावणं म्हणजे समजणं, असं मी धरून चालले होते. खरं तर वर्गात मी स्वतः दोन वर्षं न समजता मान डोलावत आले आहे, तेव्हा मला हे कळायला हवं होतं.

माझं झाल्यावर नर्सिंगची मैत्रीण पुढे सरकली आणि एका आजींजवळ बसली. तिनं "समजलं ना?" असं विचारलं नाही. ती म्हणाली, "आजी, आम्ही नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी तुम्ही हे कसं कराल, मला करून दाखवता का?" ही पद्धत त्यांना रीतसर शिकवतात, हे मला नंतर कळलं. त्यातली मेख प्रश्नाच्या सुरुवातीला आहे. परीक्षा ऐकणाऱ्याची नसते, सांगणाऱ्याची असते. ते म्हणायचं विसरलं की समोरच्या बाईला शाळेत उभं केल्यासारखं होतं आणि ती गप्प बसते.

आजींनी पुडी फाडली. अर्धी भुकटी पेल्यात टाकली, पाणी ओतलं, ढवळलं. उरलेल्या पुडीचं तोंड दुमडून ती नीट बाजूला ठेवली. मी म्हणाले, "आजी, पुडी पूर्ण..." त्या म्हणाल्या, "अगं, पोर केवढंसं! त्याला अख्खी कशाला?"

यात चूक काढायला जागाच नव्हती. औषधाची गोळी लहान मुलाला अर्धी देतात, मग पुडीही अर्धीच द्यायची. पण ओआरएस हे तसलं औषध नाही. त्याचं सगळं बळ प्रमाणात आहे. ती पुडी एक लिटरची होती, २०.५ ग्रॅमची. संख्याशास्त्राच्या मित्रानं तिथल्या तिथे हिशेब केला: अर्धी पुडी दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात म्हणजे द्रावण अडीचपट तीव्र. इतकं खारट पाणी आधीच सुकत चाललेल्या मुलाच्या शरीरातलं मीठ धोकादायक वाढवू शकतं. माझ्या पत्रकात वाक्य होतं, 'पाकिटातील मिश्रण १ लिटर पाण्यात विरघळवावे.' बिनचूक वाक्य. पण सगळं मिश्रण एकदमच टाकायचं, हे ते वाक्य कुठेच सांगत नव्हतं. मी वहीत टिपून ठेवलं: 'संपूर्ण पुडी वापरण्याबाबत स्पष्टता हवी.'

मग चमच्यांचं प्रकरण झालं. पुडी मिळालीच नाही तर घरी करायची कृती जगभर छापली जाते: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यातला चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा. फार्मसीच्या मुलाला शंका आली म्हणून आम्ही अकरा घरांतून चमचे मागून आणले आणि मोजपात्रात पाणी ओतून मापले. सगळ्यात लहान चमच्यात तीन मिलिलिटर मावत होतं, सगळ्यात मोठ्यात आठ. सगळ्या घरांत त्याला चमचाच म्हणत होते. अर्ध्या दिवसाचं काम, पण अख्ख्या इंटर्नशिपमध्ये मला सगळ्यात जास्त मजा त्यात आली. शेवटी ठरलं की पत्रकात पुडीच ठेवायची. घरच्या कृतीचं तोंडी सांगायचं, आणि तेही त्या घरातला चमचा हातात घेऊन.

मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी मला बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या कामाबद्दल वाचायला दिलं. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या देशभर घरोघरी फिरल्या, एक कोटीहून जास्त घरांत, आणि आयांना घरचं द्रावण करायला शिकवलं. चमचा मुळात मधे आणलाच नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. माप ज्याचं त्याच्या हातात. कार्यकर्तीचा मोबदला किती घरांत गेली यावर नव्हता. नंतर दुसरं कुणीतरी जाऊन आईला प्रश्न विचारायचं, आणि तिला किती आठवतंय त्यावर तो ठरायचा.

हे वाचून मी भारावले, पण पुढची गोष्ट जास्त कामाची निघाली. सुरुवातीला आयांना द्रावण करता येत होतं, तरी मूल आजारी पडल्यावर बऱ्याच जणी ते देत नव्हत्या. शोध घेतल्यावर दिसलं की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. पोट बिघडलं की त्या स्वतः दुसरं काही घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना हे पाणी शरीरात काय करतं ते समजावून देण्यात आलं, पुरुषांच्या बैठका घेण्यात आल्या, आणि वापर वाढत गेला.

मी स्वतःला विचारलं, ओआरएस काय करतं ते मला माहीत आहे का? परीक्षेपुरतं माहीत होतं. वैद्यकीयच्या मुलानं एका संध्याकाळी फळ्यावर आतड्याची पेशी काढून दाखवली. जुलाबात आतडं पाणी बाहेर टाकत असतं, पण एक दार उघडं राहतं. त्या दारातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनंच आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग इथल्या एका परिषदेत मांडली. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, नुसतं मीठही नाही. साखर चवीसाठी नसते. २००२ सालापासून जागतिक आरोग्य संघटना जी पुडी सुचवते तिच्यात ग्लुकोज आणि सोडियमचे कण बरोबर एकास एक पडतात. (यावरून आमच्या गटासाठी रूपक बांधायचा मोह मला अहवालात आवरला नव्हता. मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. बरं झालं.)

वैद्यकीयच्या मुलानंच १९७१ ची गोष्टही सांगितली. बांगलादेश मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. जिथे जवळपास तीस टक्के रुग्ण दगावत होते तिथे हे पाणी मिळालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. तो हे सांगत होता ते शास्त्राच्या विजयाची गोष्ट म्हणून. नर्सिंगची मैत्रीण मधेच म्हणाली, "म्हणजे पाजलं कुणी? नातेवाइकांनी." पहिल्या दिवशी तिनं सुचवलेला शब्द तोच होता, आणि आम्ही तो हसण्यावारी नेला होता.

पाचव्या आठवड्यात पत्रकाची सातवी आवृत्ती झाली तरी त्यात एकवीस ओळी होत्या. प्रत्येकाला आपापली ओळ जिवापाड. डिझाइनच्या मुलीनं एक दुपार सगळ्यांना समोर बसवलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेली, "ही काढली तर मुलाचं काय बिघडेल?"

जंतूंची लॅटिन नावं पहिल्या मिनिटात गेली. माझा संदर्भ गेला, निर्जलीकरण तर कधीच गेलं होतं. हात धुण्याची सहा चित्रं गेली, तेव्हा मी भांडले. ती म्हणाली, ते महत्त्वाचं नाही असं नाही, पण मूल आजारी असताना हातात घ्यायचा हा कागद नाही तो. त्याला वेगळा कागद कर. झिंकच्या गोळ्यांवरून वैद्यकीयचा मुलगा इरेला पेटला. जुलाब सुरू झाल्यावर दहा ते चौदा दिवस झिंक द्यावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि जुलाब थांबले की घरचे गोळ्या थांबवतात, हेही खरं. खोलीतलं तापमान वाढलं. कोपऱ्यात बसलेल्या ताई म्हणाल्या, "गोळ्या मी हातात देते ना? मग देताना सांगेन, पाकिटावर चौदा खुणा करून. कागदावर कशाला?" आम्ही सात जणांनी तासभर जी ओळ ठेवायची की काढायची म्हणून वाद घातला, ती मुळात कागदाची नव्हतीच.

मी एक ओळ परत मागितली. ब्रॅकची गोष्ट डोक्यात होती. 'का' कळल्याशिवाय कुणी देणार नाही, म्हणून ग्लुकोज-सोडियमच्या दाराबद्दल एक तरी वाक्य हवं, असा माझा हट्ट होता. मी चार प्रकारे लिहून पाहिलं. चारही वाक्यं खरी होती आणि चारही पाठ्यपुस्तकातली वाटत होती.

ताईंनी विचारलं, "बायका हे पाणी देणं बंद का करतात, ठाऊक आहे का तुला?"

मी म्हणाले, "चव आवडत नाही म्हणून?"

"जुलाब थांबत नाहीत म्हणून. औषध म्हणून पाजतात, दोनदा पाजतात, शी तशीच पातळ. मग म्हणतात, याचा गुण नाही. त्यांना सांगायचं, जुलाब याच्यानं थांबत नाहीत. पण पोर सुकत नाही."

डिझाइनच्या मुलीनं ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. सगळ्या पत्रकात 'का' या प्रश्नाचं उत्तर देणारी ती एकच ओळ राहिली. ओआरएस जुलाब थांबवत नाही, शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं, हे मी दोन वर्षं शिकत होते. पण आई ते देणं थांबवते ते नेमकं याच जागी, हे माझ्या कुठल्याच टिपणात नव्हतं.

अकराव्या आवृत्तीत चार ओळी होत्या. पुडी आणि पाण्याचं प्रमाण, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं ही एक. प्रत्येक जुलाबानंतर थोडं थोडं पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, ही दुसरी. तिसरी ताईंची. चौथी, मूल पीत नसेल, निपचित पडलं असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त असेल तर लगेच दवाखान्यात. मी पहिल्या रात्री लिहिलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांची गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगतात. १८५४, लंडनचा सोहो भाग, कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, मृत्यूंचा नकाशा, आणि ८ सप्टेंबरला पंपाचा काढलेला दांडा. हेन्री व्हाइटहेड यांचं नाव मला मात्र समाजकार्याच्या मुलीकडून कळलं. ते तिथले तरुण धर्मोपदेशक. कॉलरा पंपाच्या पाण्यातून पसरला, हे स्नो यांचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं, म्हणून ते खोडून काढायला त्यांनी चौकशी सुरू केली. घरं ओळखीची, माणसं ओळखीची. ते पुन्हा पुन्हा त्याच दारांत जाऊन विचारू शकत होते. शेवटी तेच पटून परतले, आणि साथीच्या सुरुवातीला पंपाजवळच्या ४० क्रमांकाच्या घरातलं तान्हं बाळ आजारी होतं, त्याची दुपटी धुतलेलं पाणी विहिरीला लागून असलेल्या शोषखड्ड्यात गेलं होतं, हा दुवाही त्यांनीच शोधला. नकाशा स्नो यांचा म्हणून लक्षात राहिला. दारं कुणी वाजवली ते लक्षात ठेवायला नकाशात जागा नसते.

समाजकार्याच्या मुलीनंच एकदा आम्हाला शिडी काढून दाखवली होती. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेली, नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, तिसऱ्या पायरीवर माहिती देणं, चौथीवर मत विचारणं, पाचवीवर समजूत घालण्यापुरतं सामावून घेणं, सहावीवर भागीदारी, आणि वर त्याहूनही पुढचं. आम्ही एकमतानं स्वतःला सहावीवर बसवलं होतं.

शेवटच्या आठवड्यात मूल्यमापनाचा अर्ज आला. एक तक्ता: नाव, शाखा, वैयक्तिक योगदान टक्क्यांत, बेरीज शंभर यायला हवी. सहकार्य शिकवणाऱ्या उपक्रमात असा रकाना कुणाच्या डोक्यातून निघतो, हे मला अजून समजलेलं नाही. संख्याशास्त्राच्या मित्रानं शंभर भागिले सात केलं. प्रत्येकी १४.२८. बेरीज ९९.९६. उरलेला ०.०४ कुणाला द्यायचा, यावर आम्ही खूप हसलो. मग कुणीतरी म्हणालं, "ताईंना देऊ या." आणि हसणं एकदम थांबलं.

आठवी ओळ घालता येईल का, असं आम्ही विचारून आलो. नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांचीच नावं चालतील, असं उत्तर मिळालं. अहवालाच्या पहिल्या पानावर ताईंचं नाव घालू, अर्जाचं काहीही होवो, असं मी म्हणाले खरं. पण अहवालाचा नमुना ठरलेला होता, अर्ज पाच वाजेपर्यंत द्यायचा होता, छपाईला वेळ लागणार होता. शेवटच्या पानावरच्या आभारात 'स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांचे सहकार्य लाभले' असं वाक्य होतं, ते तसंच गेलं. टाइप मीच केलं होतं. कार्यकर्त्या एकच होत्या. अनेकवचन कुठून आलं ते सांगता येत नाही. शिडीची कोणती पायरी ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

निरोपाच्या दिवशी ताईंना अहवालाची प्रत द्यायला गेले. त्यांनी तो मागून उघडला, आभाराचं पान वाचलं, मिटला आणि पिशवीत ठेवला. काही बोलल्या नाहीत. मी काहीतरी सारवासारव करू लागले, तर म्हणाल्या, "ते राहू दे. पत्रकाचा कागद आहे का जवळ?"

अकरावी आवृत्ती माझ्या फोल्डरमध्ये होती, छापून आलेली, चकचकीत. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली, माझ्याकडून पेन घेतलं आणि पहिल्याच ओळीतल्या 'संपूर्ण' या शब्दावर काट मारली.

"असं कुणी म्हणतं का इथं?" त्या म्हणाल्या. वर लिहिलं, 'अख्खी.'

"किती छापल्यात?"

"पाचशे."

"मग बस इथं. दुसरं पेन आहे का?"

नव्हतं. मी नर्सिंगच्या मैत्रिणीला फोन केला, येताना पेनं घेऊन ये म्हणून.